म्हणे कोंडीबा

बायको गेली त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला सेनगावला गेलो होतो. काम लवकर झालं. पुसेगावला परत येताना जीपच्या ड्रायव्हरनं गाणं लावलं. दोन ओळी ऐकल्या आणि मी त्याला आवाज वाढवायला सांगितलं.

तार आली वस्तीला, उजेड आला पाटीला,
भीमाची लेक बसली पहिल्या ओळीला.

हे जिवनचं गाणं होतं. जिवनबाई म्हणजे माझी बायको. आवाज मात्र पुरुषाचा होता, आणि मागे ढोलकीबरोबर बरंच काही वाजत होतं. मी शेवटच्या कडव्याची वाट बघत बसलो. जिवनचं शेवटचं कडवं असं होतं:

लेक शिकली ती घराची शोभा,
खांब नुसता उभा, म्हणे कोंडीबा.

जीपमध्ये वाजलं ते असं:

लेक शिकली, झाला आमोद,
जय भीम बोलून, म्हणे प्रमोद.

कोंडीबा म्हणजे मी. प्रमोद कोण ते मला माहीत नव्हतं. आमोद हा शब्द आमच्या घरात कधी कोणी वापरला नाही.

आमच्याकडं भीमगीतं म्हणणाऱ्या गायन पार्टीची एक रीत आहे. जो गाणं रचतो त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. गाणं दहा गावं फिरलं, म्हणणारे बदलले, तरी त्या नावावरून कुणाचं ते कळतं. बिननावाचं गाणं पार्टीवाले घेत नाहीत. जिवननं पुष्कळ गाणी रचली, पण नाव माझं घालायची. मी वीज बोर्डात लाईनमन होतो. आमच्या वस्तीला गावानंतर लाईट आली, तेव्हा शेवटच्या खांबावर मीच चढलो होतो. त्यावर तिनं हे गाणं केलं. माझा गाण्याशी संबंध एवढाच.

माझं नाव का घालते असं मी विचारायचो, तेव्हा ती वेगवेगळी कारणं सांगायची. एकदा म्हणाली, "कोंडीबाला उभा जुळतं, शोभा जुळतं. जिवनबाईला काय जुळवू, दवाई?" एकदा म्हणाली, "गाणं कोणाचं विचारत मानसं आली तर तुमच्याकडं येतील. मला भाकरी टाकायला टाईम भेटंल." खरं कारण कोणतं ते मी शोधलं नाही.

ती गेल्यावर तिच्या वस्तू वाटून झाल्या होत्या. लुगडी तिच्या बहिणींनी नेली, भांडी आमच्या लेकीनं, राणीनं. गाणी कोणी नेली नव्हती. ती नेण्यासारखी वस्तू आहे हे आम्हाला सुचलंच नाही. आता कोणीतरी नेली होती. मला एकच पाहिजे होतं. गाण्याखाली नाव लिहायची जिथं सोय आहे, तिथं जिवनबाईचं नाव असावं.

राणी हिंगोलीला नर्स आहे. तिला फोन केला. तिनं यूट्यूबवर शोधलं आणि परत फोन केला.

"बाबा, लाखाच्या वर लोकांनी बघितलंय. खाली लिहिलंय, गीत आणि गायन प्रमोद."

"आईचं नाव?"

"कुठंच न्हाई."

राणीच्या शाळेतली मैत्रीण निता हिंगोलीच्या कोर्टात वकिली करते. पुढच्या आठवड्यात आम्ही तिच्याकडे गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, गाणं कुठं रजिस्टर केलं होतं का?"

मला वाटलं इथंच संपलं. "न्हाई," मी म्हणालो.

"काही बिघडत नाही. जमिनीला सातबारा लागतो, गाण्याला नाही लागत. रचलं त्या दिवशीच रचणाऱ्याचा हक्क तयार होतो. त्याला कॉपीराइट म्हणतात. रजिस्टर केलं तर पुराव्याला सोपं जातं, एवढंच."

"पण ती गेली आता."

"गेल्यावरसुद्धा साठ वर्षं राहतो. वारसांकडे. म्हणजे तुमच्याकडे आणि राणीकडे."

राणीनं चालीचं विचारलं. चाल जिवनची नव्हती. शेतात निंदताना बाया म्हणतात तीच होती, तिच्या आईच्याही आधीची.

"मग चाल सगळ्यांची," निता म्हणाली. "विषयही सगळ्यांचा. वस्तीत लाईट आली, मुलगी शिकली, यावर प्रमोदनं उद्या स्वतःचं गाणं रचलं तर आपण काही म्हणू शकत नाही. विचार अडवता येत नाही. काकूंनी जे शब्द ज्या रीतीनं बांधले, तेवढे त्यांचे. आणि तो गायलाय, म्हणजे त्याच्या गाण्यात त्याचाही हक्क आहे. पण आधी विचारायला पाहिजे होतं."

मला हे समजलं. खांब बोर्डाचा, घरातली वायर घरमालकाची, आणि दोन्ही एकाच दिव्याला लागतात. मी तसं बोलून दाखवलं. निता म्हणाली, जवळपास तसंच.

राणीच्या फोनमध्ये विहारातला एक जुना व्हिडिओ होता. पावसाळ्यातल्या वर्षावासात एका संध्याकाळी बाया मिळून हेच गाणं म्हणत होत्या. जिवन मधे बसलेली होती, पण दिव्याखाली असल्यामुळे तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. शेवटी सगळ्यांनी म्हटलं, म्हणे कोंडीबा. निता खूश झाली.

"हा प्रमोदच्या आधीचा आहे. आणि नाव तुमचं आहे, काका. गाण्यावर ज्याचं नाव, तोच रचणारा असं कोर्ट आधी धरून चालतं. नाही म्हणणाऱ्यानं उलटं सिद्ध करायचं."

"पण रचलं जिवननं."

"मला कळतंय. मी खोटं लिहिणार नाही. नोटिशीत एवढंच लिहिते की गाण्यात कोंडीबा हे नाव होतं, ते काढून टाकलं. हे खरं आहे ना? काकूंचं नाव कुठंच नाही. तिकडून गेलो तर वाट लांबची आहे."

राणी म्हणाली, "बाबा, आईनंच तर तुमचं नाव घातलं. तिची मर्जीच होती ती."

नोटीस गेली.

प्रमोद स्वतः भेटायला आला. निताच्या ऑफिसात चार खुर्च्या आहेत, त्या भरल्या. पस्तिशीचा माणूस, केस मानेपर्यंत, घसा सांभाळायला गळ्यात मफलर. आल्या आल्या म्हणाला, "जय भीम, मामा. आधी माझं ऐकून घ्या. मी चोर न्हाई. एका लग्नात बाया म्हणून राहिल्या होत्या, तिथं मला हे गाणं घावलं."

"घावलं म्हणजे?" राणी म्हणाली. "रस्त्यात पडलेलं होतं का?"

"तसं न्हाई, ताई. मी विचारलं की कोणाचं. बाया म्हणल्या कोंडीबाचं. कोंडीबा कोण, तर कोणाला पत्ता न्हाई. मला वाटलं जुना कवी असंल कोणी, मरून गेला असंल."

"मी आहे," मी म्हणालो.

"व्हय, दिसूनच राहिले ना."

"मग मेलेल्या माणसाचं नाव काहून काढलं?" राणीनं विचारलं.

"रेकॉर्डिंग कंपनीवाले म्हणले गायकाचं नाव टाका, पब्लिकला बराबर वाटतं. मी म्हणलं टाका."

"आणि आमोद?" मी विचारलं.

त्यानं मफलर सारखा केला. "यमकाला, मामा. प्रमोदला दुसरं काय जुळतं? विनोद टाकून पाहिला, तर गाणं हसण्यावारी जाऊन राहिलं होतं."

निता खाली बघून कागद चाळायला लागली. राणी मात्र उघड हसली. माणूस वाईट नव्हता. त्यानं नवीन रेकॉर्डिंग करायची तयारी दाखवली. शेवटी म्हणे कोंडीबा म्हणणार, खाली गीत कोंडीबा असं लिहिणार, आणि गाण्यातून जे काही मिळेल त्यात आमचा वाटा. त्यानं कंपनीच्या माणसाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तोही तयार होता. फक्त एका कागदावर माझी सही पाहिजे होती. फोन चालू असतानाच त्यांनी तो पाठवला. निताच्या ऑफिसातच तो छापून निघाला.

मी वाचला. सदर गीत मी स्वतः रचले असून, अशी सुरुवात होती.

पेन हातात होता. राणी माझ्याकडं बघत होती. मी पेन टेबलावर ठेवला.

"गाणं माझं न्हाई," मी म्हणालो. "माझ्या बायकोचं आहे."

फोनमधला माणूस म्हणाला, "म्हणजे गाण्यात ज्याचं नाव आहे तोच म्हणतो की माझं नाही?"

"व्हय."

"मग तुमच्या मिसेसचं नाव कुठं आहे?"

"कुठं न्हाई."

"मग विषय संपला, साहेब. गाण्याला धनीच नाही. आम्ही पारंपरिक असं लिहून टाकतो. शंभर वर्षांपासून बायका म्हणतात, असं धरा."

"वस्तीत लाईट येऊन शंभर वर्षं झाली न्हाईत," मी म्हणालो. पण त्यानं फोन ठेवला होता.

प्रमोद उठला. "मामा, एक सही केली असती तर घरात राहिलं असतं. आता ना तुमचं, ना माझं." तो चिडला नव्हता, त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

तो गेल्यावर निता म्हणाली, "काका, आता नवऱ्याचं नाव आहे ते विरुद्धच जाईल. ते विचारतील, बाई रचायची तर स्वतःचं नाव का घातलं नाही? काय सांगायचं? दवाईचं यमक?"

"ती रचत होती हे सांगणारी मानसं आहेत."

"कोण?"

"जिच्या शेतात रचलं ती."

गोजरबाईचं शेत गावाच्या खालच्या अंगाला आहे. सोयाबीन आणि तूर. जिवन वर्षानुवर्षं तिथं निंदायला जायची. गोजरबाई मालकीण असली तरी स्वतः बायांबरोबर वाफ्यात बसणारी. मी तिच्याकडं गेलो तेव्हा ती अंगणात तूर पाखडत होती. मी सांगितलं ते तिनं हात न थांबवता ऐकलं.

"धनी न्हाई म्हणे? आन आमी काय धुऱ्यावरची बुजगावणी हाओत का? चला, कुठं यायचं ते सांगा."

ती वस्तीतल्या दोघींना घेऊन जीपनं हिंगोलीला आली. निताच्या टेबलासमोर बसून तिनं पहिल्यांदा पंखा बंद करायला लावला. मग निता विचारत गेली आणि राणी फोनवर रेकॉर्ड करत गेली.

"हे गाणं कुणी रचलं?"

"जिवननं. माझ्या वावरात. पिकाचा एक तास निंदायला धरला की गाण्याची एक ओळ म्हणायची, आमी मागून म्हणायचो. पसंत न्हाई पडली तर दुसऱ्या तासाला बदलायची. आमी जुनीच म्हणलो की वरडायची, ती मोडली म्हणून."

"तेव्हा हे काका कुठं असायचे?"

"खांबावर. दुसरीकडं कुठं? गाणं तर सोडा, या मानसानं कधी शीळ बी घातली न्हाई."

दोघी बाया हसल्या. मला नाकारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मग काकूंनी स्वतःचं नाव का घातलं नाही?"

गोजरबाईनं निताकडं नीट बघितलं. "तुजं लगीन झालं का, बाई?"

"झालं."

"उखाणा घेतला का न्हाई?"

"घेतला."

"त्यात नाव कोणाचं घेतलं? नवऱ्याचं. मंग उखाणा नवऱ्यानं केला व्हय? आमी निंदताना म्हणतो त्या समद्या गाण्यांत शेवटी नवऱ्याचं न्हाई तर भावाचं नाव येतं. बाई आपलं नाव आपण घेत न्हाई. पार्टीत गडी मानसं गातात, त्यांची रीत येगळी. जिवनचं गाणं वावरातनं इहारात गेलं आन तिथनं पार्टीत गेलं. रीत बदलली, नाव तेच राहिलं."

निताचं लिहिणं थांबलं. तिनं ते पुन्हा म्हणायला लावलं आणि शब्दाला शब्द उतरवून घेतलं.

मग तिघींनी गाणं म्हटलं. प्रमोदच्या गाण्यात तीन कडवी होती. यांनी सात म्हटली. मोडलेल्या ओळीही म्हटल्या, आधी काय होतं आणि जिवननं ते काहून बदललं, ते सांगत. काही ओळी मी पहिल्यांदाच ऐकल्या. एकीत रॉकेलच्या चिमणीनं केस जळल्याचं होतं. ते राणीचे केस. राणीनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

गाणं संपल्यावर गोजरबाई म्हणाली, "आन ते पहिल्या ओळीला हाये ना, तिथं जिवन पहिल्या बाकाला म्हणत होती. ओळ मी सुचवली. तेवढं लिहून घ्या."

निता घाईनं म्हणाली, "आजी, ते नका सांगू. ते म्हणतील दोघींनी मिळून रचलं. मग तुम्हीही हक्कदार."

"मंग हाओतच."

"एका शब्दानं होत नाही."

"एक शब्द काय वावरात उगवतो का?" गोजरबाई म्हणाली. पण लगेच हात झटकला. "ऱ्हाऊ दे. मेलीच्या गाण्यात वाटणी मागून मी काय करू? तिचं नाव लाव."

तिघींची प्रतिज्ञापत्रं झाली. माझंही झालं, की मी हे गीत रचलेलं नाही आणि मला गीत रचता येत नाही. दुसरं वाक्य निता काढत होती, मी राहू दे म्हणालो. कंपनीला दुसरी नोटीस गेली. बरेच दिवस उत्तर आलं नाही. मग एक दिवस यूट्यूबवरून प्रमोदचा व्हिडिओ काढला गेला आणि त्याचा मला फोन आला. कंपनीनं कबूल केलं होतं. गीत, जिवनबाई कोंडीबा खिल्लारे.

"मामा, मी नवीन रेकॉर्डिंग करून राहिलो. शेवटच्या कडव्यात आता जिवनबाईचं नाव टाकतो. जुळवलंय. ऐका."

त्यानं फोनवर गाऊन दाखवलं:

लेक शिकली, उजळली आई,
खांब नुसता उभा, म्हणे जिवनबाई.

राणी त्या दिवशी घरी होती. तिनंही ऐकलं. तिला ते आवडलं. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, हो म्हणा. हेच तर पाहिजे होतं. आता गाण्यातच नाव आलं."

ओळ वाईट नव्हती. आमोदपेक्षा पुष्कळ बरी होती. मी प्रमोदला थांबायला सांगितलं आणि निताला फोन करून विचारलं, असं करता येतं का?

"वारस म्हणून तुम्ही दोघं परवानगी देऊ शकता," ती म्हणाली. "नाही म्हणायचाही हक्क आहे. रचणाऱ्याचे दोन हक्क असे असतात की गाणं विकलं तरी ते विकले जात नाहीत. एक, आपलं नाव लागणं. दुसरा, आपल्या शब्दांची कोणी मोडतोड न करणं. त्या गेल्यावर ते तुम्ही सांभाळायचे."

मी चूल पेटवली आणि चहा ठेवला. राणी ओट्याशी उभी होती. मी तिला म्हणालो, "आईनं म्हणे जिवनबाई असं म्हटलं होतं का?"

"न्हाई. पण तिनं म्हणायला पाहिजे होतं."

"ते तिनं ठरवायचं. प्रमोदनं तिची ओळ मोडली म्हणून आपण वकील केला. आता आपणच मोडायची का?"

"पण मग सगळे तुमचंच नाव म्हणत राहतील. आईचं नाव खाली, बारीक अक्षरात. दाबल्याबिगर दिसतसुद्धा न्हाई."

हे बरोबर होतं. चहा झाला, आम्ही दोघांनी घेतला. राणीनं कप विसळले आणि म्हणाली, "कळवा त्याला. आईचं होतं तसंच म्हण म्हणावं." मी प्रमोदला कळवलं. सातही कडवी घ्यायची, आणि पार्टी जिथं गाईल तिथं आधी माईकवर जिवनचं नाव सांगायचं, एवढ्या दोन गोष्टी मागितल्या. तो म्हणाला, "सात लई लांब होतात, मामा." मग म्हणाला, "बराबर आहे, घेतो."

एप्रिलमध्ये जयंतीला त्याची पार्टी पुसेगावला आली. वस्तीत मंडप होता. गोजरबाई सुनेला घेऊन पुढं बसली होती, राणी तिच्याशेजारी. मी मागे जनरेटरच्या बाजूला खुर्ची घेतली. कामामुळं तिथं बसायची सवय होती.

प्रमोदनं माईक हातात घेतला आणि सांगितलं, हे गीत आपल्याच वस्तीच्या जिवनबाई कोंडीबा खिल्लारे यांनी रचलेलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जण त्या वेळी बोलत होते, त्यांनी ऐकलं नसेल. मग गाणं झालं. सातही कडवी झाली. शेवटच्या ओळीला प्रमोदनं हात माझ्या दिशेनं केला, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. मंडपातली माणसं मागे वळून बघायला लागली.

शेजारी परगावचा एक पाहुणा बसला होता. त्यानं विचारलं, "कोंडीबा तुमीच का?"

"व्हय."

"लई चांगलं रचता, राव."

"मी न्हाई. माझ्या बायकोनं रचलं. जिवनबाई."

"असं?" तो म्हणाला. "आन मग तुमी?"

"मी लाईनमन."

त्यानं मान डोलावली आणि विचारलं, बाई कोणत्या, पुढं बसल्यात का? मी सांगितलं की ती आता नाही. मग त्यानं पुन्हा एकदा तिचं नाव विचारून घेतलं.